वाट्याचं पाणी

मी लोकांची लघवी तपासते. लग्नाकार्यात कुणी विचारलं की हे असं तोंडावर सांगते, आणि बायका पदर नाकाला लावतात म्हणून तर मुद्दाम सांगते. कोरेगावच्या पेठेमागं एक छोटी लॅब आहे, तिथं वीस वर्षांहून जास्त काळ मी टेक्निशियन आहे. तालुक्यातल्या कितीतरी लोकांना मी चेहऱ्यानं ओळखत नाही, पण त्यांची साखर आणि त्यांचं क्रिएटिनिन मला ठाऊक असतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साठायला लागला की समजायचं, गाळणी बिघडली. हे मी इतक्या जणांना समजावलंय की झोपेतसुद्धा सांगेन. आणि एवढी शहाणी मी, माझ्याच घरापुढच्या सोप्यावर एक गाळणी वर्षभर बिघडत होती आणि मी फरशी पुसायचा फडका हातात घेऊन तिच्यावर ओरडत होते.

गाळणी कुत्र्याची होती. कुत्रं माझ्या वडिलांचं. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आम्ही मूळचे जतकडचे, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि पाणी शोधत पश्चिमेला निघायचं. पलूसच्या बाजूला कृष्णेला पोचायचं, तिथून वर सरकत कोरेगावपर्यंत यायचं, शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आणि पाऊस लागला की माघारी. मी दहा वर्षांची होईपर्यंत अशीच चालले. मग हॉस्टेलला गेले, शिकले, आणि ज्या गावाच्या रानात आमची मेंढरं बसायची त्याच गावात नोकरीला लागले. नवरा फौजेत. तो सुट्टीला आला तरच घरात दुसरं माणूस, एरवी मी एकटीच असायचे.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. आबांचे गुडघेही तोवर गेले होते. त्यांनी मेंढरं विकली, घोडं विकलं, मेंढरं कोंडायच्या जाळ्या, वाघरा, चुलतभावाला देऊन टाकल्या आणि एक घोंगडं, एक काठी आणि एक कुत्रं घेऊन टेम्पोतनं माझ्या दारात उतरले. मी कुत्र्याकडं बघितलं. मोठं, करड्या रंगाचं, एक कान फाटलेलं. माझी नवी फरशी पांढरी होती.

"आबा, ह्ये हितं?" मी विचारलं.

"ह्ये हाय तवर मी हाय," ते म्हणाले आणि आत आले.

म्हातारं माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतं, असं मी तेव्हा धरलं. पण आबा उगीच काही बोलत नाहीत. कुत्र्याला त्यांनी नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. "गड्या" म्हणायचे, जसं कुठल्याही माणसाला म्हणतात, आणि ते उठून यायचं. दोघं सोप्यावर बसायचे. एक खाटेवर, एक खाटेखाली. रस्त्यानं कुणाची चार शेरडं गेली तरी दोघांच्या माना एकदमच वळायच्या. हे बघून मला हसू यायचं.

आता आमच्याकडच्या पाण्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वाटचालीत पाण्यावर हुकूम आईचा. पितळेची चरवी आणि नंतर नंतर प्लॅस्टिकचा कॅन, पण हात घालायचा तो आईनंच. तिच्याकडं एक फुलपात्र होतं, त्यानं ती मोजून द्यायची. आधी कोकरं, मग लेकरं, मग माणसं. बाप्यामाणसांनी कितीही तहान लागली तरी स्वतःच्या हातानं चरवीत फुलपात्र बुडवायचं नाही. कुत्र्याचा वाटा तर धरलेलाच नसायचा. कुत्र्याला पाजायचं ते राखणाऱ्यानं आपल्या वाट्यातलं. आबा म्हणायचे, जो आपल्या वाट्याचं देतो त्याच्याच मागं कुत्रं राहतं. मग कृष्णा दिसली की आई काठावर जाऊन चरवी पालथी घालायची आणि मोठ्यानं म्हणायची, "सुटं पाणी." ते ऐकल्याशिवाय नदी समोर असूनही कुणी पाण्याला तोंड लावत नसे. तिनं म्हटलं की माणसं, मेंढरं, कुत्री, सगळी एकदमच आत शिरायची. लहानपणातला एवढा आनंदाचा आवाज मला दुसरा आठवत नाही.

हे सगळं मी विसरले होते. म्हणजे गोष्ट म्हणून सांगायला आठवत होतं, घरात आठवत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कुत्रं पाणी जास्त प्यायला लागलं. त्याच्यासाठी मी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पाटी ठेवली होती. ती सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत पुरायची, ती दुपारीच कोरडी पडायला लागली. मग मी ती दोनदा भरायची, मग तीनदा. आबा खूष होते.

"बग कसं पानी वढतंय," ते मला दाखवायचे. "पानी वढणारं जनावर मरत न्हाई."

मेंढरांच्या बाबतीत हे खरंच आहे. मेंढरू पाण्याला तोंड लावेनासं झालं की धनगराच्या काळजात धस्स होतं. पाणी पितंय तोवर घोर नाही. आबांनी साठ वर्षं ह्या एका खुणेवर कळप जगवला होता, आणि त्याच खुणेनं ते कुत्र्याकडं बघत होते. मी तर लॅबवाली. माझ्याकडं येणारा माणूस "लय तहान लागते, सारखं जावं लागतं" म्हणाला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी साखर आणि क्रिएटिनिनच्या नळ्या काढून ठेवते. पण ते माणसाचं. हे कुत्रं होतं, उन्हाळा होता, आणि मला सकाळी सव्वाआठला कामावर पोचायचं होतं.

पावसाळा संपला, थंडी आली, तहान काही गेली नाही. उलट कुत्रं सोप्यावर मुतायला लागलं. ज्यानं आयुष्यात मेंढरांच्या वाड्याच्या आत पाय वर केला नव्हता, ते पहाटे मी उठायच्या आत खाटेखालीच ओलं करून ठेवायचं आणि मी दार उघडलं की कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचं. त्याला लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. तरीही मी ओरडले. त्याच्या तोंडाला वास यायला लागला होता, पाठीचा कणा हाताला लागत होता, भाकरी अर्धी टाकत होतं. मी म्हटलं, म्हातारं झालं.

माघ महिन्यात एक दिवस माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी पाहुणे यायचे होते आणि सोप्याभर पाणी. मी जर्मनची पाटी उचलली आणि आबांना सांगितलं, "आजपास्नं ह्येला सकाळी एक तांब्या, दुपारी एक तांब्या. चार वाजल्यानंतर थेंब न्हाई. पानी पितंय म्हणून मुततंय. तोडलं की बंद हुईल."

आबांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, पटलं.

तेव्हापासून मी पाणी मोजून द्यायला लागले. माझ्या हातात फुलपात्र नव्हतं, स्टीलचा तांब्या होता, एवढाच फरक. फरशी तशीच ओली राहायची, पण मी हट्टाला पेटले होते.

ह्याच दिवसांत आबांना चक्कर यायला लागली. उठताना खाटेची कड धरायचे. ओठ फुटले होते. मी त्यांना आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बीपी बघितलं, म्हणाले, ऊन तापायला लागलंय, वय झालंय, पाणी भरपूर प्यायला सांगा. मी लगेच शिस्त लावली. आबांच्या खाटेजवळ सकाळीच सहा तांबे भरून ठेवायचे, दोन सकाळचे, दोन दुपारचे, दोन संध्याकाळचे. आबा स्वतःहून स्वयंपाकघरात येऊन पाणी घेत नाहीत, ती त्यांची जुनीच सवय, म्हणून मी सगळं हाताशी ठेवायची. घरी आले की आधी तांबे बघायची. सगळे रिकामे. मला फार बरं वाटायचं. त्यांचं रक्त आणि लघवीही मीच तपासली. लघवी गडद, दाट. क्रिएटिनिन हद्दीच्या जरासं वर. मी स्वतःच्या हातानं तो आकडा लिहिला आणि स्वतःच्याच मनाशी म्हटलं, अठ्ठ्याहत्तरीला एवढं चालायचंच.

चैत्रात कुत्र्याला वर्षाची रेबीजची लस द्यायची म्हणून साताऱ्याला नेलं. तिथली जनावरांची डॉक्टर तरुण पोरगी, मेढ्याकडची. तिनं लस दिली, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि वय विचारलं. आबा म्हणाले, अकरा असंल, बारा असंल. ती म्हणाली, "एवढ्या वयाच्या कुत्र्याची सहा महिन्यांनी रक्त-लघवी बघितलेली बरी. सकाळची पहिली लघवी आणाल का?" आणि माझ्यापुढं एक डबी धरली.

मला हसूच आलं. म्हटलं, बाई, मी रोज अशा डब्या वाटते.

डबी वाटणं सोपं आणि भरणं अवघड, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गड्यानं पाय वर केला की मी खाली डबी धरायची आणि तो पाय खाली घ्यायचा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर आबा आतून आमटीचं ओगराळं घेऊन आले. लांब दांड्याचं ओगराळं धरून मी अंगणभर कुत्र्यामागून वाकून चालत होते आणि समोरच्या गच्चीवरनं शेजारीण बघत होती. तिनं काय पाहिलं आणि कुणाकुणाला सांगितलं, देव जाणे. शेवटी मिळाली, आबांनी ती डबीत ओतली. ते ओगराळं मी परत घरात घेतलं नाही.

डॉक्टरकडं न्यायच्या आधी मीच लॅबमध्ये बघायचं ठरवलं. उगीच, गंमत म्हणून. लघवी किती दाट आहे ते बघायचं एक छोटं यंत्र असतं, टॉर्चसारखं, एका टोकाला थेंब टाकायचा आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत एक रेघ दिसते. पाणी असेल तर रेघ तळाला, दाट असेल तर वर.

रेघ जवळजवळ तळाला होती.

मी यंत्र पुसलं. पुन्हा थेंब टाकला. तिथंच. मला पहिला संशय आबांचा आला. ओगराळ्यातनं डबीत ओतताना सांडलं असेल आणि म्हाताऱ्यानं नळाचं पाणी घालून डबी भरली असेल. दुसऱ्या दिवशी मी सगळं स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. रेघ तिथंच.

मी स्टुलावर बसून राहिले. बाहेर पेशंट थांबले होते, हाका मारत होते, पण मी उठले नाही. कारण ह्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. आदल्या दिवशी चार वाजल्यापासून ज्याला पाण्याचा थेंब नाही, त्याची सकाळची लघवी दाट असायला हवी. पाणी कमी पडलं की किडनी ते धरून ठेवते. आणि जी किडनी धरून ठेवू शकत नाही, ती पाणी सोडत राहते. पाणी पितंय म्हणून मुतत नव्हतं. मुतणं थांबवता येत नव्हतं म्हणून बिचारं पीत होतं. आणि मी त्याच्या तोंडापुढची पाटी उचलली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं. माझ्या तर काखेत वीस वर्षांचा कळसा होता.

त्याच दुपारी रजा टाकून मी कुत्र्याला आणि आबांना रिक्षात घातलं आणि साताऱ्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी लघवी बघितली, रक्त काढलं, त्यांच्या मशिनवर लावलं. क्रिएटिनिन हद्दीला टेकलेलं होतं, पार गेलेलं नव्हतं.

"लवकर सापडलं," ती म्हणाली. "कुत्र्यांत आधी लघवी पातळ होते. रक्तातला आकडा वाढेपर्यंत किडनीचा बराचसा भाग गेलेला असतो. लोक येतात ते जनावर उलट्या करायला लागल्यावर. तहान कधीपासून वाढली होती?"

"वर्ष झालं," मी म्हणाले.

"मग काय केलंत?"

खोटं बोलायचा मोह झाला. बोलले नाही. "पाणी तोडलं," मी सांगितलं. "दोन तांबे देते. चारनंतर काही नाही. अडीच महिने झाले."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. ती कुत्र्यापाशी खाली बसली, मानेमागचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ओठ वर करून हिरडी बघितली. परत चिमटा घेतला.

"हिशोब लागत नाही," ती म्हणाली. "अशा किडनीच्या कुत्र्याला ह्या उन्हाळ्यात दोनच तांबे मिळाले असते तर ते आज चालत आलं नसतं. कातडं वाळलं असतं, डोळे आत गेले असते. ह्याचं तसं काही नाही. हा कुठंतरी पाणी पितोय. गटार आहे का जवळ? शेजारी कुणी देतं?"

"नाही," मी म्हणाले. "फाटक बंद असतं."

आबा बाकावर बसले होते. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. ते काठीकडं बघतच म्हणाले, "म्या पाजतो."

मी वळून बघितलं. पहिल्यांदा मला राग आला, हे कबूल करते. माझ्या पाठीमागं माझा शब्द मोडला, ह्याचा राग. आणि लगेच तो विरला, कारण तो शब्द मोडला नसता तर काय झालं असतं ते डॉक्टरीणबाईंनी आत्ताच सांगितलं होतं.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुमच्यामुळं हा उभा आहे."

आबांना त्यात काही गोड वाटलेलं दिसलं नाही. ते विचारात पडले होते. "पर त्यो पानी वढतुया म्हंजे बरा हाय, आसं धरलं मी," ते म्हणाले. "समदं उलटंच धरलं की वो. येक वरीस माझ्या डोळ्याम्होरं सांगत व्हता आन मी हसत व्हतो." त्यांचा आवाज चिरका झाला. बापाचा असा आवाज मी आई गेली तेव्हासुद्धा ऐकला नव्हता.

तिनं त्यांना समजावलं. पाणी कायम पुढं ठेवायचं, कधीच तोडायचं नाही. खाणं ती लिहून देईल ते. दुखण्याची गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. तीन महिन्यांनी परत तपासायचं. बरं होणारं दुखणं नाही, पण इतक्या लवकर हाताला लागलंय तर सांभाळून पुढं नेता येईल, नीट राहिला तर वर्ष-दोन वर्षंसुद्धा. आबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मी कागद धरून उभी होते आणि माझं लक्ष कागदात नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब सुरू झाला होता.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आबा, कुठलं पाणी पाजलं?"

"माज्या वाट्याचं."

"म्हंजे खाटंजवळचं?"

"व्हय."

"समदं?"

ते बाहेर बघायला लागले. त्यांच्या पायाशी कुत्रं निजलं होतं. "समदं न्हाई. मला लागतंय कितीसं. एकांदा घोट घ्यायचो."

सहा तांबे. रोज संध्याकाळी मी घरी येऊन ज्यांच्याकडं बघून निश्चिंत व्हायचे ते सहा रिकामे तांबे. आणि उठताना खाटेची कड धरणारा माझा बाप. फुटलेले ओठ. गडद, दाट लघवी, माझ्याच हातानं तपासलेली. हद्दीच्या वर गेलेला आकडा, माझ्याच अक्षरात. कुत्र्याची पाण्यासारखी आणि बापाची काढ्यासारखी, दोन्ही लघव्या मी एकाच टेबलावर, एकाच यंत्रातनं बघितल्या होत्या. अडीच महिने. रिक्षा खड्ड्यातनं उडत होती आणि मी ते तांबे बोटांवर परत परत मोजत होते.

"आवं, अंगणात नळ व्हता की," मी म्हणाले. मी ओरडले असणार, कारण रिक्षावाल्यानं आरशातनं बघितलं. "दोन पावलांवर नळ. फिरवला की पानी. बादलीभर पाजायचं व्हतं, मला कुठं कळणार व्हतं?"

आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"नळ तुजा," ते म्हणाले. "घर तुजं. तू ह्येचं पानी तोडलंस, म्हंजी तोडलं. घरधनिणीच्या पान्याला मी कसा हात लावू? आन माज्या वाट्याचं म्या कुणाला पाजायचं, ते माजं."

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. मेंढरं विकून सहा वर्षं झाली होती. पक्की भिंत, पांढरी फरशी, गच्चीवर टाकी. आणि माझा बाप ह्या सगळ्यात अजून वाड्यावरच राहत होता, एका बाईच्या हुकमाखाली. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, पाणी हवंय का. तांबे ठेवायची आणि मोजायची. माझ्या हातात आईचा हुकूम आला होता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला त्या रिक्षात कळलं.

पंधरा दिवसांनी मी आबांचं रक्त परत तपासलं, आकडा खाली आला होता. कुत्र्याचा आहे तिथंच राहिला, त्याचा खाली यायचा नव्हताच. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि सोपा अजून तापलेला होता.

मी आत गेले. जर्मनची पाटी माळ्यावरनं काढली, धुतली, काठोकाठ भरून सोप्याच्या मधोमध ठेवली. बादली भरून आणली, तीही शेजारी ठेवली. एक तांब्या भरून आबांच्या हातात दिला. त्यांनी घेतला आणि तसाच मांडीवर धरून बसले. कुत्रं पाटीपाशी आलं, पाण्याकडं बघितलं, आणि मान वर करून आबांकडं बघत उभं राहिलं. चार वाजून गेले होते. अडीच महिन्यांत तेसुद्धा शिकलं होतं, चारनंतरचं पाणी आबांच्याच हातचं.

"प्या की आबा," मी म्हणाले.

"पितो," ते म्हणाले. पीत नव्हते. आधी कुत्र्याचं होऊ दे म्हणत असतील, किंवा सवयीनं थांबले असतील. दोघंही माझ्याकडं बघत होते.

तेव्हा मला एकदम कळलं, काय राहिलंय ते. मी स्वयंपाकघरात गेले आणि ज्या तांब्यानं अडीच महिने कुत्र्याचं पाणी मोजलं तो तांब्या घेऊन आले. पांढऱ्या फरशीवर त्यांच्या समोर तो पालथा घातला. लाज वाटत होती, शेजारीण गच्चीवर होतीच. तरी मी मोठ्यानं म्हणाले.

"सुटं पाणी."

आबांचा चेहरा असा झाला, की मला दुसरीकडं बघावं लागलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. पाणी हनुवटीवरनं छातीवर उतरलं, त्यांनी पुसलं नाही. रिकामा तांब्या त्यांनी स्वतःच्या हातानं बादलीत बुडवला, पहिल्यांदाच, आणि परत प्यायले. खाली कुत्र्यानं पाटीत तोंड घातलं होतं. त्याची जीभ पाण्यावर वाजत होती आणि निम्मं पाणी फरशीवर उडत होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. माझा परकर भिजला तरी उठले नाही.

तिसरा तांब्या भरताना आबा थांबले. "तुजी आय," ते म्हणाले, "नदी दिसली की म्हणायची. तू सहा वरसं लावलीस गं."